डावीकडून तिसरी

लिनोलियमवर पांढऱ्या चिकटपट्टीच्या खुणा आहेत,
फडकं मारताना मी त्यांना वळसा घालते.
एकेचाळीस वर्षं झाली लग्नाला,
त्यातली तीसेक तरी इल्मार्सने
दोन स्पीकर इकडून तिकडे सरकवण्यात घालवली.
बोटभर पुढे. ऐक. अर्धं बोट मागे. ऐक.
मी ऐकते. बटाटे सोलता सोलता ऐकते.

रीगाच्या या सातव्या मजल्यावर सगळं काँक्रीट,
खोली जवळजवळ चौकोनी,
आणि चौकोनी खोली म्हणजे, तो म्हणतो, हट्टी पोर:
एकच सूर धरून बसते, सोडत नाही.
स्पीकर कोपऱ्यात गेला की खर्ज फुगतो,
आंबलेल्या पिठासारखा भांड्याबाहेर येतो,
आणि खालचे ओस्वाल्ड्स हीटरच्या पाइपवर चमचा वाजवतात.
तो चमचा मात्र फार स्वच्छ ऐकू येतो.

भिंतींना कान असतात,
हे रेडिओच्या कारखान्यात आम्ही वेगळ्या अर्थाने शिकलो होतो.
इल्मार्स म्हणतो, कान राहू दे, भिंतींना तोंड असतं.
वाजव टाळी.
वाजवली. टाळीमागून बारीक टरटर,
जणू पलीकडे कुणी पत्ते पिसतंय.
मग मावशीने विणलेलं लोकरी कांबळं,
जे मी पाहुण्यांसाठी राखलं होतं,
ते भिंतीला मिळालं.

नेमकं कुठे टांगायचं? त्यासाठी आरसा.
तो खुर्चीत, आणि मी न्हाणीघरातला आरसा धरून
भिंतीलगत सरकतेय, सरकतेय.
"थांब!"
आरशात त्याला स्पीकर दिसला होता.
मला तो दिसत होता, डोळे बारीक केलेला,
बायकोच्या आरपार बघणारा.

हे सगळं एका तबकडीसाठी.
आमच्या डेअरीच्या कॉयरची,
त्सेसिसच्या थंडगार चर्चमध्ये भरलेली,
साठ माणसं, दोन मायक्रोफोन.
मी दुसऱ्या रांगेत, डावीकडून तिसरी, अंगात दोन स्वेटर.
चौदा आल्टो होतो. त्यातली मी कुठली, मलाही सांगता येत नाही.
पण खुणा जुळल्या त्या रात्री
तो खुर्चीवरून उठला नाही, नुसतं बोट दाखवलं,
कपाट आणि खिडकीच्या मधे, कमरेच्या जरा वर,
जिथे काहीच नव्हतं:
"ही तू."

तिथे मी कुंडी ठेवणार होते.
ठेवली नाही.

यंदा मार्चमध्ये त्याचा डावा कान गेला.
सगळा नाही. उरलाय, साबणाच्या चिपेएवढा.
डॉक्टरीणबाईंनी यंत्र दिलं, ते साखरेच्या डब्यात असतं.
एप्रिलभर तो गुडघ्यांवर. नव्या खुणा, निळ्या.
डावा स्पीकर खुर्चीच्या अगदी कुशीत आला,
उजवा लांब, भिंतीकडे तोंड करून, रुसल्यासारखा.
मग तबकडी लावली. बोट पुन्हा
कपाट आणि खिडकीच्या मधे.
"बघ. हललीसुद्धा नाहीस."

मला ऐकू येत होता
अख्खा कॉयर डाव्या भिंतीत चिणलेला,
कांबळ्यामागे दाटीवाटीने साठ माणसं,
उजवीकडे चिटपाखरू नाही.
"हो," मी म्हटलं. "तिथेच आहे."

काल तो औषधं आणायला गेला.
मी सुई टेकवली आणि त्याच्या खुर्चीत बसले,
उंच आहे ती, माझे पाय पुरत नाहीत.
डाव्या कानात कापूस घातला.
जरा काढला. परत घातला.
अर्धं बोट. ऐक.

भिंतीतून एकेक जण बाहेर आला,
आधी सोप्रानो, मग मागचे पुरुष खाकरत.
आणि कपाट-खिडकीच्या मधे
ओळ सुरू व्हायच्या आधी, जरा लवकरच,
कुणीतरी श्वास घेतला.

त्या श्वासावरून बाई मला दर तालमीला बोलायच्या.

लिफ्ट वाजली. कापूस खिशात टाकला.
निळी पट्टी एका कोपऱ्याला सुटत होती,
ती वाकून अंगठ्याने दाबली.